जमल्यावरच चहा

मामा आमच्या घरी चार वर्षं नुसतं पाणी प्यायले. उन्हातान्हात आसेगावहून जीपमध्ये स्वतःला कोंबून यायचे, शेलूबाजारला उतरायचे, छत्री उघडायचे आणि प्लॉट पाडून वसलेल्या आमच्या ले-आउटपर्यंत पायी चालत यायचे. दारात चपला काढल्या की वाक्य ठरलेलं, "पानी दे माय. चहा नको." मी तरीही विचारायची, कारण आलेल्या माणसाला चहा न विचारणं म्हणजे आमच्याकडे भांडण काढण्यासारखंच. आणि ते तरीही नको म्हणायचे. जमल्याशिवाय चहा घ्यायचा नाही हा त्यांचा जुना नियम होता. चहा घेतला की माणूस मिंधा होतो, आणि मिंध्या माणसाने मध्यस्थी करू नये, असं त्यांचं म्हणणं. पाणी मात्र दोन तांबे प्यायचे.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते. शेवटची दहा-बारा वर्षं ते घरांची दलाली करत आणि त्याआधी लग्नं जमवत. लग्न लागताना नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो. जिला मामा नसेल, किंवा असून रुसून बसला असेल, तिच्या मागे हे उभे राहायचे. असे ते अख्ख्या तालुक्याचे मामा झाले. मग मुलींचे फोटो मोबाइलवर फिरू लागले, शेती करणाऱ्या मुलांना कुणी मुली देईना, आणि मामांच्या कापडी पिशवीत मुलांचे कागद तेवढे उरले. मी एकदा विचारलं, लग्नं सोडून एकदम घरांकडे कसे वळलात? म्हणाले, "घराले नाही म्हनता येत नाही ना. म्हून सोपं वाटलं." तेव्हा मला हसू आलं होतं.

सोपं तेही नव्हतं. आमच्याकडे घर विकायला वर्षं लागतात. ज्यांच्याकडे पैसा आहे ते अकोल्याला नाही तर पुण्याला घेतात; जे इथे राहतात त्यांचं स्वतःचं असतंच. मोठा रस्ता होणार म्हणून शेतांचे प्लॉट पाडून दगड रोवले गेले होते. रस्ता झाला, आणि दगडांच्या मधे अजून बकऱ्या चरतात. त्यात घर विकतोय हे उघड बोलायचं नाही. पाटी लावली की दुसऱ्या दिवशी गाव विचारतं, काय झालं हो घरात, कोण आजारी आहे, कोणाचं कुठे काय निघालं? त्यामुळे सगळं कानोकानी. लग्नं जमवलेल्या माणसाला हे पाण्यात पोहण्यासारखं होतं.

जुन्या धंद्यातले छापील फॉर्म मामांकडे गठ्ठ्यांनी उरले होते. वर गणपती, खाली मुलीची माहिती. फेकायचे कसे, म्हणून घरांसाठी तेच वापरायचे. आमच्या घराचा फॉर्म त्यांनी माझ्यासमोर बसून भरला. जन्मसालात स्लॅब पडला ते साल. उंची, दहा फूट. वर्ण, पिस्ता, उत्तरेकडून उडालेला. शिक्षणाच्या रकान्यात थोडं थांबले आणि लिहिलं, नळ आहे, मीटर स्वतंत्र. भावंडांत, पूर्वेची भिंत सामाईक. व्यंग असल्यास, मागची खोली पावसाळ्यात पाझरते. मी शाळेत लिपिक आहे, आयुष्यभर फॉर्म भरलेत, पण इतका प्रामाणिक फॉर्म पाहिला नव्हता. शेवटी अपेक्षांचा रकाना होता. इतर घरांना तिथे ते "माणसं निर्व्यसनी असावीत" असं लिहीत. आमचा रिकामा सोडला. मी विचारलं तर "पाहू" म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

आता हे सगळं आमच्या गल्लीला कसं दिसत असेल बघा. घरात मी एकटी, चाळिशी ओलांडलेली, बिनलग्नाची. आणि ज्यांनी निम्म्या गल्लीची लग्नं जमवली ते मामा दर दोन-तीन महिन्यांनी चांगल्या कपड्यातल्या चार-पाच माणसांना घेऊन माझ्या दारात. आधी मला निरोप, दारात रांगोळी काढ, शनिवारी नको, अमावस्येला नको. पाहुणे येतात, सगळ्या घरावरून नजर फिरवतात, अर्ध्या तासाने गंभीर चेहऱ्याने बाहेर पडतात. गल्लीने जो निष्कर्ष काढायचा तो काढला. शेजारच्या आपा, ज्यांच्या घरचं बांगड्या-टिकल्यांचं दुकान आहे, पाहुणे गेले की कुंपणावरून डोकावायच्या आणि हळूच विचारायच्या, "जमा क्या?" मी नाही म्हणून मान हलवायची. मला वाटायचं त्यांना घराचं कळलंय. त्या दुकानातला मेंदीचा एक कोन माझ्या हातात ठेवायच्या आणि म्हणायच्या, दिल छोटा नको करू. घर विकलं न जाण्यावर मेंदी हा उपाय मला नवीन होता, पण आपांचं मन मोडवत नसे. माझ्या फडताळात कोन साठत गेले.

घर विकायचं होतं ते दादासाठी. दादा पुण्यात भाड्याच्या घरात. घर बाबांच्या मागे आम्हा दोघांच्या नावावर, आणि त्याचा हिस्सा त्याला हवा होता. यात त्याची काही चूक नाही. दर रविवारी सकाळी फोन करायचा आणि शेवटी विचारायचा, मामा काय म्हणतात? मी सांगायची, बघताहेत. त्याचा हिस्सा विकत घेण्याची माझी ऐपत नव्हती. घर गेलं की मी शाळेजवळ दोन खोल्या भाड्याने घेणार, असं ठरलेलं होतं. म्हणजे दादाने ठरवलं होतं आणि मी बरं म्हटलं होतं. आई गेली तेव्हा मी वीस वर्षांची होते. तेव्हापासून मी बऱ्याच गोष्टींना बरं म्हटलं आहे.

पण घर काही जात नव्हतं, आणि त्याला मामाही कारण होते. पाहुण्यांना घेऊन मागच्या खोलीत गेले की मोठ्याने सांगायचे, "हे पाहा, इथं ओल येते. आता दिसनार नाही, रंग देला हाये. आखाडात येऊन पाहा." एकदा कारंज्याचं एक कुटुंब घर आवडून परत निघालं होतं, तर मामांनी त्यांना दारातून मागे बोलावलं. म्हणाले, एक राह्यलंच सांगायचं, उन्हाळ्यात नळाला चार दिवसांआड पाणी येते. ते लोक पुन्हा आले नाहीत. दादाने फोनवर मामांना फैलावर घेतलं. मामांनी फोन कानापासून हातभर लांब धरला आणि शांतपणे माझ्या कॅलेंडरवरचा फोटो पाहत बसले. नंतर मला म्हणाले, पूर्वी एका मुलीचा चष्मा लपवला होता, लग्नानंतर तिचे फार हाल झाले. तेव्हापासून काही लपवत नाही.

मला आतून बरं वाटायचं, हे आता कबूल करते. पाहुणे यायचे तेव्हा मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी असायची, खिडकीला पाठ लावून. ती खिडकी मी माझ्या पहिल्या पगारातून पाडून घेतली होती. आधी तिथे कोरी भिंत होती. बाबांनी भिंत फोडायला विरोध केला, चार दिवस अबोला धरला. या घरात माझ्या मनासारखी झालेली तेवढी एकच गोष्ट. पाहुण्यांनी ती पाहू नये असं काही मी ठरवून करत नव्हते. पण पाठ तिथून हलत नसे, आणि मामा ते पाहायचे. विकणाऱ्याकडे पाहा लागते, घेणाऱ्याकडे कोनीबी पाहाते, असं ते एकदा बोलूनही गेले होते.

पाहुणे गेल्यावर मामा लगेच निघत नसत. आसेगावला त्यांचंही घर होतं, पण मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. फडक्यात बांधून आणलेली भाकरी आमच्या पायरीवर बसून खायचे. माझं लोणचंसुद्धा घेत नसत, तोही मिंधेपणाच. मी आत शाळेचे हजेरीपट पूर्ण करत बसायची. तासभर असाच जायचा. मग बाहेरून आवाज यायचा, "जातो वो माय," आणि छत्री उघडल्याचा आवाज. ते गेल्यावर घर एकदम मोठं वाटायचं. त्या चार वर्षांत माझ्या घरी येऊन तासभर बसणारं दुसरं माणूस नव्हतं, आणि मला वाटतं, त्यांनाही दुसरं दार नव्हतं.

मग शाळेची परीक्षा संपलेली, अशा एका दुपारी एक कुटुंब आलं आणि त्यांना सगळंच आवडलं. ओल चालेल म्हणाले. पाणी चालेल म्हणाले. दादाशी फोनवर तिथेच बोलणं झालं आणि तो तयार झाला. मामांनी त्या लोकांना पुढे स्टँडवर पाठवलं आणि स्वतः बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून राहिले. छत्री दोन्ही गुडघ्यांच्या मधे उभी धरलेली.

"घर द्याचं का?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, दादाचं ठरलंय ना, आत्ताच तर बोललात.

"त्याले इचारलं. आता तुले इचारून राह्यलो."

मग त्यांनी छत्री भिंतीला टेकवली. एवढा बोलका माणूस, पण शब्द शोधून शोधून बोलत होता.

"याच खोलीत तुह्या बाबाले इचारलं होतं मी. तो मानोऱ्याकडचा मास्तर, ध्यानात हाये? त्याचा होकार होता. तीन डाव मह्याकडं आला इचाराले. तुह्या बाबानं नाही म्हटलं. घर कोन पाहीन, म्हने. आन् मी त्या पोराले जाऊन सांगतलं का पोरीलेच पसंत नाही." मग म्हणाले, "तू आत होती. दहा पावलं. मी उठून आलो नाही."

मास्तर माझ्या ध्यानात होता. मी तेवीस वर्षांची होते. चहा-पोह्यांचा ट्रे घेऊन मी बाहेर आले तेव्हा सगळे बसून पाहत होते, आणि हा एकटा उठला. जड असेल, द्या इकडे, म्हणाला आणि ट्रे माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला. एवढंच. पण मला ते आवडलं होतं. पुढे काहीच कळलं नाही तेव्हा मी समजले की मी त्याला पसंत पडले नाही. वीस वर्षं मी तसंच समजत होते. आरशात बघतानासुद्धा.

मला राग आला. आधी बाबांचा आला, पण ते फोटोत होते. मग मामांचा आला. म्हाताऱ्याला घराबाहेर काढावं असं क्षणभर वाटलं. आणि मग माझा स्वतःचा आला, कारण दहा पावलं तर मीही चालू शकले असते. मामा खाली मान घालून बसले होते, शिक्षा ऐकायला बसल्यासारखे.

"नका देऊ," मी म्हटलं.

"नाही?"

"नाही."

मामांनी पिशवीतून आमचा फॉर्म काढला. घड्यांवर फाटायला आला होता. मांडीवर पिशवी, पिशवीवर फॉर्म असं धरून त्यांनी अपेक्षांच्या रिकाम्या रकान्यात लिहिलं, हिला विचारणे. मग कागद माझ्याकडे दिला, पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, "आता चहा टाक."

मी म्हटलं, मामा, जमलं कुठे?

"जमलं ना. मी इचारलं, तू सांगतलं."

त्या दिवशी ते दोन कप चहा प्यायले, बशीत ओतून, आवाज करत. भरपूर साखर लागायची त्यांना. चार वर्षं मला हे माहीतच नव्हतं.

ते गेल्यावर आपा कुंपणावर आल्या. आज म्हाताऱ्याने चहा घेतला हे त्यांना कळलं होतं, कसं ते अल्लाच जाणे, आणि त्यांचा चेहरा फुलला होता. "जमा ना? लडका कौनसे गाव का है?" मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. मग मला सगळे कोन आठवले, आणि मी हसत सुटले, इतकी की डोळ्यांत पाणी आलं. घराचं सांगितलं तेव्हा आपा आधी रागावल्या, इतके दिवस बोलली का नाहीस म्हणून. मग कुंपणावरून हात घालून माझा हात धरून उभ्या राहिल्या. बराच वेळ सोडला नाही.

मामांनी स्टँडवर त्या कुटुंबाला काय सांगितलं मला माहीत नाही. दादाला सांगितलं, हे नाही जमलं, बाजार मंदा आहे, थांबा. माझं नाव त्यांनी मधे येऊ दिलं नाही. पुढची दोन वर्षं त्या घरात मी माझ्या मर्जीने राहिले. बाहेरून काहीच बदललं नव्हतं, मागची खोली पाझरत होतीच. पण मी रविवारी खिडकीशी चहा घेऊन बसायची तेव्हा हे घर मला राहू देत आहेत असं वाटायचं नाही. मी राहतेय, असं वाटायचं.

मामा बाजाराच्या दिवशी यायचे. आता पाहुणे नसायचे. "आता चहाले हरकत नाही," असं दर वेळी सांगून बसायचे, जणू मी विसरले असेन. मास्तराबद्दल पुन्हा कधी बोलणं झालं नाही. एकदाच म्हणाले की तो पोहरादेवीच्या यात्रेत भेटला होता, कॉलेजात जाणारी लेक होती सोबत. मी बरं म्हटलं आणि साखर पुढे केली.

गेल्या हिवाळ्यात लागोपाठ तीन बाजार ते आले नाहीत. जीपवाल्याने सांगितलं, ते तर गेले, दहावंही झालं. मी आसेगावला जाऊन आले. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, पुतण्या आला होता, सगळं उरकून गेला. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि कुणी का कळवावं? ज्या माणसाने माझं घर विकलं नाही त्याची मी कोण लागते, याला आपल्याकडे शब्द नाही. कुलपाकडे पाहत मी थोडा वेळ उभी राहिले आणि परत जाणारी जीप धरली. जीपमध्ये रडले. लोकांनी सरकून जागा दिली.

उन्हाळ्यात दादाचा फोन आला, रविवार नसताना. त्याची नोकरी गेली होती. घराचं काही बोलला नाही, पण त्याचा आवाज ऐकून मीच म्हटलं, गिऱ्हाईक बघ. हे बरं म्हणणं नव्हतं. मला हे नीट माहीत आहे, कारण या वेळी मी आधी स्वतःला विचारलं होतं. त्याने अकोल्याचा एक दलाल गाठला. त्या माणसाने मोबाइल फिरवत पाच मिनिटांत घराचा व्हिडिओ काढला. खिडकीसमोरून मला "मॅडम, जरा बाजूला" म्हणून हटवलं, आणि महिन्याच्या आत पाहुणे आणले.

शेतकरी कुटुंब होतं. सासरे, दोन मुलगे आणि थोरल्याची बायको. मुलांना फाट्यावर दुकान टाकायचं होतं. सासऱ्यांनी टेपने भिंती मोजल्या, मुलगे गच्चीवर गेले, दलाल फोनवर. सगळ्यांचं बाहेर हो-हो चाललं होतं. सून स्वयंपाकघराच्या दारात पदर सावरून उभी होती. तिला कुणी आत ये म्हटलं नव्हतं. मी ओट्याशी स्टुलावर बसले होते, आणि तिथून ती बरोबर दहा पावलांवर नसेल, पण मला तसंच वाटलं. मी उठून तिच्याजवळ गेले.

"तुले पसंत हाये का?" मी विचारलं. मी अशी बोलत नाही एरवी. माझ्या तोंडून मामांचीच भाषा आली.

ती घाबरून बाहेर बघायला लागली. "मले कोन इचारते ताई."

"मी इचारते."

मी बाजूला झाले. ती ओट्यापाशी गेली, खिडकीची कडी काढली आणि बाहेर पाहिलं. रस्ता दिसतो तिथून, आणि आपांच्या अंगणातला पेरू. "आमच्या तिकडं भिताडाकडं तोंड करून सैपाक करा लागते," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून एकदम हलक्या आवाजात, "पन मांगच्या खोलीत ओल हाये ना? वास येऊन राह्यला."

"आहे. पावसाळ्यात पाझरते."

"मंग ते पहिले नीट करा लागन. सांगतो मी त्याहीले." आणि खिडकीच्या गजांवरून हात फिरवत म्हणाली, "पसंत हाये."

मी बाहेर जाऊन दलालाला सांगितलं, जमलं. तो म्हणाला, मॅडम, ते तर मघाशीच जमलं. मी आत येऊन चहा टाकला, साखर जरा जास्तच पडली. ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा सगळे बसून होते, आणि सून माझ्या मागे दारात उभी होती. सासऱ्यांनी कपासाठी हात पुढे केला. मी वळले आणि पहिला कप तिला दिला.